पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास सोडला, पोराला बेळगावातल्या वडगावच्या आजींकडं ठेवलं: आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

पाळणाघराचं नाव आणि नंबर या रिव्ह्यूत मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून मला शिव्या घालू नका. ते चालवणाऱ्या आजींनीच दम दिलाय, "नेटवर फेटवर टाकू नको गे बाई, बारा पोरं हायत, तेराव्याला खुंटी न्हाई." तरी लिहायला बसले, कारण गेल्या महिन्यात ऑफिसातल्या तिघीजणींनी विचारलं की पोराला कुठला पर्सनॅलिटीचा क्लास लावलास, बरा दिसूलाय आता. क्लास नाहीच लावलेला. लावला होता, तो सोडला. तेव्हा आधी क्लासचं सांगते, मग आजींच्या घराचं.

एप्रिलमध्ये आम्ही त्याला टिळकवाडीकडच्या एका समर कॅम्पला घातलं, नाव नको. २१ दिवस, साडेचार हजार रुपये. एसी हॉल, भिंतभर पोस्टर, डोंगरावर उभा राहिलेला माणूस वगैरे, आणि शिकवणार काय तर दारातून येताना शेकहॅण्ड, डोळ्यात डोळे घालून गुड मॉर्निंग, माय नेम इज अमुक, मोठा होऊन मी तमुक होणार. आमचा पोरगा तेव्हा नुकताच सहाचा झालेला, नवीन माणूस दिसला की माझ्या ओढणीत तोंड घालणारा. तिसऱ्या दिवसापासून सकाळी पोट दुखायला लागलं, रविवारी मात्र दुखत नव्हतं. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम झाला, त्यानं पाठ केलेली सहा वाक्यं घडाघडा म्हटली, टाळ्या, सर्टिफिकेट, मीपण व्हिडिओ काढून आत्या-मामा सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. घरी आलो, शेजारच्या काकूंनी कौतुकानं विचारलं काय रे शिकलास, तर परत दाराआड. पुढं कळलं की ती सहा वाक्यं तो फक्त खुर्चीवर उभं केलं तरच म्हणतो, जमिनीवर उभा असला की येत नाहीत.

क्लास वाईट म्हणत नाही मी. त्याच बॅचमध्ये एक पोरगी होती, ती पहिल्याच दिवशी माईक सोडत नव्हती, तिला तिथं झकास जमलं. पण ती आली तेव्हाही तशीच होती ना.

माझं बी.एड. झालंय, शिकवलं एक वर्षच, पण परीक्षेला पाठ केलेलं थॉमस आणि चेस या डॉक्टर नवराबायकोचं काम मला त्या मे महिन्यात आठवलं. त्यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधली १३३ पोरं तान्ही असल्यापासून बघितली, वर्षानुवर्षं. त्यांना दिसलं की पोर स्वभावाचा एक कल घेऊनच येतं, साधारण ४० टक्के कुठंही पटकन रुळणारी, १० टक्के अवघड, आणि १५ टक्के अशी की नवीन काही आलं की आधी चार पावलं मागं जाणार, लांबून बघणार आणि मग हळूहळू रुळणार, बाकीची सरमिसळ. मग पोराचा स्वभाव आणि त्याच्याभोवतीचं घर-शाळा यांचं जुळतंय का ते बघा म्हणाले, त्यावर पुढचं बरंच ठरतं. आमचं रत्न त्या पंधरातलं. त्याला नुसतं रुळायलाच २१ दिवस लागतात, तेवढ्यात कॅम्प संपतो आणि सर्टिफिकेट मिळतं.

जूनला शाळा सुरू होणार, साडेतीनला सुटल्यावर ठेवायचं कुठं हा प्रश्न होताच, मी कॅम्प भागातल्या ऑफिसला, हे उद्यमबागला फौंड्रीत. यांच्या फौंड्रीतल्या एकाची पोरगी आजींकडं जाते, त्यानं सांगितलं, म्हणून बघायला गेलो.

आता जागा. वडगावातली जुनी गल्ली, रिक्षा वळताना दोनदा मागं घ्यावी लागते. दोन्ही बाजूला पॉवरलूम, सकाळपासून खटाखट खटाखट, पहिली दहा मिनिटं समोरच्याचं बोलणं कळतच नाही. कौलारू घर, पुढं कट्टा, मग सोपा, माजघर, मागं परडं, परड्यात पेरूचं झाड आणि एक आड, आडावर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप (हे मी आधी बघितलं, तुम्हीही बघा). भिंतीवर ना कार्टून ना एबीसीडी, खेळणी म्हणाल तर एक पत्र्याची पेटी, तिच्यात रिकाम्या कांड्या, चिंचोके, नारळाच्या करवंट्या, तुटके भोवरे. खरं सांगते, मला जागा आवडली नाही. मी यांना हळूच म्हटलं, दोन महिने ठेवू, तोवर दुसरीकडं बघू.

पहिल्या दिवशी आत गेल्यावर मी सवयीनं त्याच्या पाठीवरची बॅग काढायला हात घातला तर आजी कट्ट्यावरूनच ओरडल्या, "तुझी खुंटी नव्हं ती!" सोप्यात भिंतीला ओळीनं बारा खुंट्या, माझ्या कमरेच्या खाली, म्हणजे पोराच्या खांद्याला लागतील एवढ्या उंचीवर. एक खुंटी एका पोराची, बॅग, रेनकोट, टॉवेल सगळं तिच्यावर आणि ते त्यानंच लावायचं आणि त्यानंच काढायचं. मोरीतला नळ खाली घेतलाय. पाण्याचा माठ पाटावर, स्टीलचे पेले खालच्या फळीवर, शेजारी फडकं. तहान लागली की उठ, पी, सांडलं की पूस. हाक मारायचीच गरज नाही कुणाला. झाडूसुद्धा तीन आहेत आणि दोन बुटके आहेत.

आमच्या पुस्तकात याच्यावर अख्खा धडा होता. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं, पोरांच्या मापाची टेबलं, खुर्च्या, कपाटं केली, आणि जी पोरं हाताबाहेर गेलेली म्हणायचे ती आपापली कामं करत बसली. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला तेच केलं, पण परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं म्हणून शंख, शिंपले, बिया, पानं घेऊन केलं, आणि पोरं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मी मोठ्या उत्साहानं आजींना विचारलं, तुम्ही ताराबाईंचं वाचून खुंट्या खाली लावल्या काय? आजी आयुष्यभर बालवाडी शिकवलेल्या, त्यांना सगळं माहीत, पण उत्तर काय दिलं तर "वर लावली की मलाच बारा येळा उठावं लागतंय, गुडघं कुठायत माझं."

त्या रात्री घरी येऊन मी आमच्या भाग्यनगरच्या फ्लॅटकडं पहिल्यांदा नीट बघितलं. टॉवेलचा दांडा माझ्या डोक्याएवढा उंच. पेले वरच्या कपाटात. बाथरूमच्या लाईटचं बटण त्याच्या हाताच्या वर वीतभर, चपलेचं कपाट घट्ट, त्याला उघडत नाही, गॅलरीच्या दाराची कडी वर, ती मीच मुद्दाम लावलेली. म्हणजे सकाळी उठल्यापासून या माणसाला तोंड पुसायला, पाणी प्यायला, मुतायला जायला, बाहेर बघायला, प्रत्येक गोष्टीला 'आईऽ' करून हाक मारायची, आणि वर मी सगळ्यांना सांगत फिरायचे की याला स्वतःहून काही करायला नको, सारखा मला चिकटलेला, कॉन्फिडन्सच नाही. साडेचार हजार भरले त्यासाठी. दुसऱ्या रविवारी यांनी कुणाकडनं तरी ड्रिल मशीन आणलं आणि चार खुंट्या खाली ठोकल्या, घरमालकाला अजून सांगितलेलं नाही.

बारा पोरं म्हणजे तीन वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंत सगळी एकत्र. शाळेत चाळीसच्या चाळीस एकाच वयाची, तिथं आमचा कायम शेवटून दुसरा. इथं त्याच्यापेक्षा लहान चारजण आहेत. ऑगस्टमध्ये एकदा लवकर घ्यायला गेले तर हा एका तीन वर्षांच्या पोरीला खुंटीवर रेनकोट कसा अडकवायचा ते दाखवत होता, अगदी आजींच्या आवाजात, "तुझी खुंटी नव्हं ती." मी दारातच थांबले, कारण मला बघितलं असतं तर तो परत माझा बाळ झाला असता.

भाषेचं सांगायलाच पाहिजे. बारातली पाच घरी मराठी बोलणारी, चार कन्नड, दोन उर्दू, एक कोकणी. आपल्या बेळगावात १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस असतो हे मी काय नव्यानं सांगायचं, आणि माझं घर कुठल्या बाजूचं तेही सांगायला नको. पण आजींच्या परड्यात लपंडावाचं राज्य कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु करूनच मोजलं जातं, कारण दहापर्यंत ते पटकन होतं म्हणे, आणि भांडण मराठीत होतं, आणि रडणं ज्याच्या त्याच्या भाषेत. आमच्या पोराला शाळेत कन्नडचा विषय आहे, वर्षभर त्याला अ-आ पलीकडं ढकलता आलं नव्हतं. आता तो गल्लीतल्या एका आज्जांना "ऊट आयता?" (जेवण झालं काय) विचारतो. मराठीत अनोळखी माणसाशी तोंड न उघडणारा कन्नडमध्ये उघडतो, याचं कारण मला असं वाटतं की कन्नडमध्ये त्याला कुणी अजून लाजाळू म्हटलेलं नाही.

एक गंमत. पुण्याची नणंद दिवाळीला आलेली, तिची मुलगी याच्या मैत्रिणीचं बोलणं ऐकून हसायला लागली, कारण आमच्याकडच्या पोरी "मी जातो, मी खातो"च म्हणतात. घरात मीही तेच बोलते, इथं लिहिताना शहाण्यासारखं 'गेले, आले' लिहितेय. पोरगं म्हणालं, "तिकडं पोरी वेगळं बोलतात काय?" यापेक्षा चांगला व्याकरणाचा तास मी एका वर्षात कधी घेतला नव्हता.

माग चालतात तिथं पोरांना आत सोडत नाहीत, खिडकीतनं बघायचं. हा चारला खिडकीला चिकटतो तो पंधरा-वीस मिनिटं हलत नाही. धोटा इकडनं तिकडं पळतो, मधेच धागा तुटतो, माग बंद, मागवाले काका वाकून ते एवढंसं टोक हुडकतात, गाठ मारतात, परत चालू. न चिडता. दिवसातनं कितीवेळा. घरी पूर्वी ठोकळ्यांचा मनोरा पडला की हा सगळं भिरकावून द्यायचा. आता, जानेवारीत बघितलं, पडलं की तोंडानं "टक्" असा आवाज करतो, थांबतो, आणि परत लावायला घेतो. टक् म्हणजे धागा तुटला. हे त्याला कुणी शिकवलं नाही आणि मी तरी ते त्याला बोलून दाखवणार नाही, बोलले की जाईल.

आणि करंट गेला की तर बघायलाच पाहिजे. सगळे माग एकदम थांबतात, अख्खी गल्ली गप्प होते, मग एकेक दार उघडतं, माणसं बनियनवर कट्ट्यावर येऊन बसतात, कुणीतरी चहा सांगतं, पोरं मधे भोवरे काढतात. लोक करंट गेला की वीज कंपनीला, हेस्कॉमला, फोन करतात, आमचं येडं टाळ्या वाजवतं.

दिवाळीत किल्ला केला. बेळगावातल्या माणसाला किल्ल्याचं महत्त्व सांगायला नको, गल्लोगल्ली असतात. बाराजणांनी परड्यात लाल मातीचा राजहंसगड केला, मावळे आजींच्या पेटीतले, रंग उडालेले, अळीव पेरून हिरवळ. किल्ला बघायला येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम अकरा वर्षांच्या पोरीकडं. माझ्या मनात आलं, आता हा पुढं येऊन धडाधड माहिती सांगेल, मोबाईल काढून तयार. कसलं काय. माती कालवायला हा, पाणी आणायला हा, दगड रचायला हा, आणि माणसं आली की पेरूच्या झाडामागं हा. फक्त एकदा त्या पोरीनं सगळं सांगून संपवलं तेव्हा झाडामागनं आवाज आला, "सिद्धेश्वराचं देऊळ ऱ्हायलं." बस. तीन शब्द. पोरगी म्हणाली, "हां, ऱ्हायलं," आणि देऊळ दाखवलं. मी व्हिडिओ काढला नाही.

म्हणजे बदल म्हणाल तर तो बोलका झालेला नाही. शाळेच्या गॅदरिंगला या वर्षीपण स्टेजवर गेला नाही, पडदा ओढायच्या दोरीवर होता आणि त्यात खूश होता. आमच्या यांचं ठाम मत की रक्तात आहे तेच येणार, त्यांचे वडील असेच अबोल. मी म्हणते भोवताल. २०१५ मध्ये जुळ्यांवरच्या ५० वर्षांतल्या संशोधनाची एकत्र गोळाबेरीज झाली होती, सगळे गुण मिळून माणसामाणसांतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला, म्हणजे नवराबायकोच्या भांडणात शास्त्रानं सामना जवळपास बरोबरीत सोडवला. (याचा अर्थ एका पोराचे मापून अर्धे-अर्धे तुकडे पडतात असा नाही, फरक समाजातल्या सगळ्यांमधला मोजलेला असतो, हे बी.एड.च्या मॅडमनी आमच्या डोक्यात हातोड्यानं घातलेलं.) आणि एकाच घरात वाढलेली भावंडं स्वभावानं किती वेगळी निघतात ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आजींकडं ठेवलं की अमुक स्वभावाचं पोर मिळेल असं समजून जाऊ नका. त्यांच्याकडं एक पोरगा आहे, चार वर्षं येतोय, अजून रोज कुणालातरी चावतो.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहिलं तर रिव्ह्यू कसला.

मागांचा आवाज. मला गंमत वाटते ती गंमत रोज तीन तासांची आहे, लहान कानांना ते चांगलं नाही आणि तिथं अभ्यास तर होतच नाही. आजींनी सोप्याच्या खिडक्या बंद ठेवाव्यात असं मी दोनदा सांगितलं, त्या म्हणतात गुदमरतंय. या बाबतीत आजी चुकतात, मी सांगत राहणार.

पाऊस. जुलैमध्ये गल्लीत घोट्याएवढं पाणी, परड्यात चिखल, पांढरा युनिफॉर्म लाल होतो तो लालच राहतो. डास आहेत. सीसीटीव्ही नाही, कधी होणारही नाही, विचारलं तर "माझे डोळे काय गेलेत काय" असं उत्तर येतं. मोबाईलवर दुपारी फोटो येतील ही अपेक्षा सोडा, माझं पहिल्या महिन्यात त्यानं फार अवघड झालं. साडेसहा म्हणजे साडेसहा, पावणेसात झाले की आजी काही बोलत नाहीत, पोराला घेऊन कट्ट्यावर बसतात आणि तुम्ही गल्लीच्या तोंडापासून येईपर्यंत तुमच्याकडं बघत राहतात, त्यापेक्षा दंड परवडला. पाच ते साडेपाच कन्नड सीरियल लागते आणि बाराही पोरं ती बघतात, सासू-सून-विष वगैरे, हे मला अजिबात पटलेलं नाही.

आणि शिव्या. सप्टेंबरमध्ये चिरंजीवांनी जेवताना, भात गरम लागला म्हणून, अशी एक शिवी घातली की यांचा घास हातातच राहिला. मागावरच्या कामगाराकडून उचललेली. मानसशास्त्रज्ञ बंडुरानं १९६१ मध्ये दाखवलंच होतं, मोठ्यांना बाहुलीला बडवताना बघितलं की पोरंही तशीच बडवतात, कुणी शिकवावं लागत नाही. धागा जोडणं ज्या खिडकीतनं आलं त्याच खिडकीतनं शिवी आली, एक पाहिजे आणि दुसरी नको असं खिडकीला सांगता येत नाही. आजींना सांगितलं तर त्यांनी त्या कामगाराला बोलावून पोरांसमोर कान पकडायला लावले. तो तिशीतला माणूस, त्यानं हसत पकडले. शिवी अजून पूर्ण गेलेली नाही, हळू आवाजात येते.

खाणं चांगलं. चुरमुरे-फुटाणे, उकडलेलं रताळं, कधी थालीपीठ, उन्हाळ्यात नाचण्याची आंबील, रोज एक आणि सगळ्यांना तेच. घरी रताळ्याला हात न लावणारा तिथं दोन खातो, कारण शेजारचा खातो. पॅकेटचं काही आणलं तर बारा वाटे करायला लागतात, त्यामुळं आता कुणी आणतच नाही. फी महिन्याला अठराशे, रोख, पावती नाही, वहीत लिहितात आणि सही आपल्याच पोराची घेतात.

कुणासाठी आहे? तुमचं पोर हळू रुळणारं असेल, तुम्हाला दोन-तीन महिने काहीच घडताना दिसलं नाही तरी चालणार असेल, तर अशी जागा हुडका, वडगावातच पाहिजे असं नाही, शहापूर, अनगोळ, खानापूरकडंही जुन्या बालवाडीच्या बाया आहेत. बघायला जाताना चारनंतर जा, पोरं असताना. भिंतीवरची चित्रं बघू नका, पाण्याचा पेला कुठं ठेवलाय ते बघा आणि पोराला तो काढायला कुणाला हाक मारावी लागते काय ते बघा. ज्याला दहा मिनिटांत शेकहॅण्ड शिकवायचाय त्यानं कॅम्पला जावं, तिथं एसी पण आहे.

पाचपैकी चार. एक स्टार खिडकी आणि सीरियल मिळून कापला. एक पोरगी जूनमध्ये पुण्याला जाणार आहे, म्हणजे एक खुंटी रिकामी होणार, पण तिच्यावर माझ्या धाकट्या जावेनं आधीच नंबर लावलाय, सॉरी.